बत्तिसावं मत

ग्यानबा, तुला नेताना पुढचा उजवा खांदा माझा होता. तो मान तुझ्या भावाचा. लिंबाजी ओढ्याच्या अलीकडे बाभळीखाली पटका हातात धरून उभा होता, आणि त्याला कुणी पुढे ये म्हटलं नाही, कारण जाण्याआधी तूच बजावून ठेवलं होतंस की त्याचा खांदा मला नको. तुझ्या म्हाताऱ्या चुलत्यानं चौफेर पाहिलं, आता भावाच्या जागी कोण, आणि मग माझ्याकडे हात केला. गुर्जी हायेत की, म्हणाला. मी पुढे झालो. नाही म्हणायचा धीर झाला नाही.

त्याला आज सहा दिवस झाले. खांदा अजून दुखतो आहे, फळ्यावर लिहिताना हात वर जात नाही. वाडीवर येणारं-जाणारं माणूस मला बघून हळहळतं. ग्यानबाचं आणि गुर्जींचं लय सूत होतं म्हणतं, आणि मी मान हलवतो.

तर आधी तेच सांगून टाकतो, नाहीतर मास्तरकीच्या सवयीनं शंभर गोष्टी सांगत बसेन आणि मुद्द्याचं तेवढं राहून जाईल. पंचायतीच्या निवडणुकीत तुझ्या मोजणीत जे एक मत कमी आलं, ज्याच्यापायी तू लिंबाजीच्या घरचं पाणी सोडलंस, ते मत माझं होतं. तू हरलास तो त्या एका मतानं नाही; चांगला वीस-बावीस मतांनी हरलास. पण हरण्याचं तुला काही वाटलं नव्हतं. तुला वाटलं ते त्या एकाचं.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. परवा-तेरवापर्यंत सांगायला तू होतास. आता तू नाहीस आणि माझ्या तोंडाला वाचा फुटली आहे, यालाच शहाणपण म्हणायचं असेल तर म्हण.

मी या गावात आलो तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. माझं स्वतःचं शिक्षण परभणीला उर्दूतून झालेलं. नागरिकशास्त्राचं मराठी पुस्तक हातात आलं तेव्हा निम्मे शब्द मलाच नवे होते. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत. तू मेंढरं घेऊन समोरून गेलास की माझा वर्ग उठून ओसरीच्या कडेला जायचा. एकदा मी चिडून तुला वाट बदलायला सांगितलं, तर तू मेंढरं खाली बसवलीस, घोंगडी अंथरलीस आणि म्हणालास, मग आमी बी ऐकतो की. त्या दिवशी मी 'रयत' आणि 'नागरिक' यांतला फरक शिकवत होतो. रयत म्हणजे जिच्यावर राज्य चालतं, नागरिक म्हणजे जो राज्य चालवतो, असं काहीसं. तू मागून विचारलंस, "मोजत्येत तर दोघालाबी. मग मोजल्यावर नागरिकाला काय इचारत्येत?" मी तुला पुस्तकातला पुढचा धडा वाचून दाखवला. तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं.

पहिल्या मोठ्या निवडणुकीत माझी नेमणूक आपल्याच गावच्या मतदानावर होती. तू मेंढरं गंगाखेडच्या अंगाला सोडून दोन दिवस चालत आला होतास. तुझ्या बोटाला शाई लावून मी तुला मतपत्रिका दिली, पडद्यामागे पेट्या आहेत, हव्या त्या पेटीत टाक म्हणून सांगितलं. तू आत गेलास आणि लवकर बाहेर येईनास. मग पडद्याआडून कागद फाटल्याचा आवाज आला. मी धावत जाऊन दारातून विचारलं, तर तू निवांतपणे सांगितलंस की मतपत्रिकेच्या उजव्या कोपऱ्याला मागून चीर दिली आहे. तुझ्या मेंढरांच्या कानाला असते तीच. उद्या कुणी म्हणालं की ग्यानबानं मत दिलं नाही, तर दाखवता यावं.

तुझं मत बाद झालं असणार, हे मी तुला संध्याकाळी सांगितलं तेव्हा तू माझ्यावर उखडलास. जी वस्तू आपली, तिच्यावर आपली खूण नको? बाजारात हजार मेंढरांत तू आपलं मेंढरू कानावरून ओळखतोस, आणि राज्याच्या बाजारात आपलं मत ओळखू येऊ नये, हा कुठला कायदा? मी समजावलं की ओळखू येऊ नये यातच त्याची ताकद आहे. ज्याचं मीठ खातो त्याच्या विरुद्ध मत देण्याची सोय गरिबाला यातूनच मिळते. तू म्हणालास, लपवून देतो तो चोर. मी म्हणालो, उघडं मागतो तो सावकार. त्या दिवशी आपण दोघंही जेवलो नाही, तुझ्या घरी चंद्रभागाबाईंनी दोघांच्या भाकरी झाकून ठेवल्या.

माझीच चूक, मी तुला स्वित्झर्लंडचं सांगितलं. डोंगराळ मुलूख, तिथले काही गुराखी-शेतकरी वर्षातून एकदा मोकळ्या मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. मला इंग्लंडची पद्धत, तिथली पद्धत, आपली पद्धत अशी तुलना करून आपली कशी बरी हे दाखवायचं होतं. तू इंग्लंड ऐकलंच नाहीस. तुला एवढंच कळलं की जगात कुठेतरी गुरं-मेंढरं राखणारी माणसं हात वर करून राज्य करतात. त्यानंतर गावात काहीही बिनसलं की तू म्हणायचास, त्या थंडीच्या राज्यात असं होत न्हाई. विहिरीचा गाळ कुणी काढायचा यावर भांडण झालं तेव्हासुद्धा तुला तेच राज्य आठवलं.

आणि तुझ्या वाडीची पंचायत तर मी डोळ्यांनी पाहिली होती. लिंबाखाली सगळे बसायचे, ज्याला पटलं नाही त्याला बोलू द्यायचे, पुन्हा बोलू द्यायचे, आणि सगळ्यांचं एक झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. निजामाच्या राज्यात हुकूम वरून यायचा आणि खाली मुंड्या हलायच्या. तुमच्या मतात तर कुणी बोलतच न्हाई, चूपचाप कागद टाकून घरी, असं तू म्हणायचास. तीन राज्यकारभार तू शेजारी शेजारी ठेवायचास आणि तुझ्या लिंबाखालचा पहिला यायचा. मी विचारायचो, त्या लिंबाखाली तुझी बायको बसते का? पाटलाच्या सालगड्यानं पाटलासमोर हात वर कसा करायचा? या दुसऱ्या प्रश्नावर तू उठून गेलास. दोन दिवस आला नाहीस. तिसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी येऊन सांगितलंस, "सालगड्यासाठी पडदा ठिवा, गुर्जी. माझी ना न्हाई. पर तुमच्या-माझ्यात पडदा कशाला?"

मी हसलो होतो. चांगला मुद्दा आहे म्हणालो होतो.

मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पुढे पंचायतीच्या निवडणुकीची दवंडी आली आणि तू उभा राहिलास. वाडीतून पहिलाच माणूस. समोर माणिकराव. चार बैलांचा शेतकरी, बोलायला गोड, आणि त्यानं एकच गोष्ट धरली होती की गायरानाच्या ओढ्याकडच्या पट्टीत शाळा बांधायची. तुझं म्हणणं, शाळा पाहिजे, पण तिथे नको; तिथून मेंढरं पाण्याला उतरतात, पट्टी गेली की वाडीचं जनावर गावाला वळसा घालून जाईल. गावाच्या अंगाला बांधा. गावाच्या अंगाची जागा ज्यांची होती ते एक वीतभर सोडणार नव्हते, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

आणि मला आणखी एक माहीत होतं, जे तुला रोज दिसत असूनही तू कधी धरलं नाहीस. देवळाच्या ओसरीत महारवाड्याची, मांगवाड्याची पोरं येऊ शकत नव्हती. नऊ पोरं पायरीखाली उन्हात बसायची आणि मी वरून शिकवायचो. नागरिकशास्त्र! सगळे समान आहेत असं मी ओसरीतून ओरडून सांगायचो, म्हणजे पायरीखाली ऐकू जावं. मला चार भिंती हव्या होत्या, जिला देवळाची पायरी नसेल अशी जागा हवी होती, आणि ती मिळणार तर गायरानातच मिळणार होती. मी तुझ्याशी यावर एकदा बोललो. तू म्हणालास, निवडून आलो की पायरीचं बी बघू. तू बघितलंही असतंस कदाचित. पण मी आठ वर्षं ऐकत होतो की पुढे बघू.

मतदानाच्या आधी तू पुन्हा चिरीवर आलास. वाडीतल्या प्रत्येकानं मतपत्रिकेला आपापल्या कळपाची खूण करायची, तुझ्या माणसांनी उजवी चीर, लिंबाजीच्या घरानं डावी, म्हणजे नंतर कोण कुठे गेला ते कळेल. मी हात जोडून सांगितलं, अरे सगळी मतं बाद होतील. तेव्हा तू भंडाऱ्याच्या शपथेवर गेलास. खंडोबाच्या देवळात ताट ठेवलंस, बेल ठेवला, आणि एकेकानं येऊन भंडार उचलला की मत ग्यानबाला. मी पायरीवर बसून तुझ्याशी भांडत होतो की हे म्हणजे माणसाचं मत खुंटीला बांधणं झालं, आणि तू माझ्याकडे पाठ करून मोजत होतास. लिंबाजी शेवटी आला, ताडकळसचा बाजार करून, घामाघूम. त्यानं घाईनं चिमूट उचलली आणि तसाच बैल सोडायला पळाला. तुझ्यासकट एकतीस झाले. मग तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता मलाही ताटाकडे बोलावतोस. मी नाही म्हणणार होतो, आणि नाही म्हटलं असतं की सगळंच त्या दिवशी उघडं झालं असतं. पण तू म्हणालास, "तुमाला कशाला उचलायला लावू? तुमी बत्तिसावे."

मतदानाच्या आदल्या दिवशी मी सांगायला म्हणून वाडीवर आलो होतो, शपथ घेऊन सांगतो. चंद्रभागाबाईंनी गूळ घालून चहा केला. तू नवा पटका बांधून दाखवलास, तुझ्या पेटीवर छत्रीचं चित्र म्हणून सगळे तुला चिडवत होते, जन्मात कधी छत्री धरली नाही आणि आता छत्रीवाला. मी चहा प्यायलो, हसलो आणि उठलो. ताकाला जाऊन भांडं लपवणारा तरी शेवटी ताक मागतो. मी तेही केलं नाही.

मी कंदिलाच्या पेटीत मत टाकलं. माणिकरावाच्या. बाहेर आलो तर तू दारापासून लांब, नियमाप्रमाणे लांब उभा होतास, आणि लांबूनच हात हलवलास.

मोजणीत तुझी एकतीस निघाली. तू रोज संध्याकाळी मेंढरं आत घेताना हातानं शिवून मोजणारा माणूस. एक कमी म्हणजे तुझ्या लेखी सगळा कळप बसूच शकत नाही. हार तू बाजूला ठेवलीस आणि त्या एकाला शोधायला लागलास. भंडार उचलून फुटलेला कोण? लिंबाजी उशिरा आलेला, लिंबाजीनं नीट उचलला नाही, लिंबाजीचं आणि तुझं कळप वेगळे करताना वाजलेलं, लिंबाजी मतदानाच्या दिवशी माणिकरावाशी बोलताना कुणीतरी पाहिलेला. तू हे सगळं मला सांगत होतास आणि मी म्हणत होतो की ग्यानबा, असं एकदम ठरवू नकोस, मत गुप्त असतं, कुणालाच कळत नाही. प्रत्येक शब्द खरा होता.

तू लिंबाजीच्या दारात जाणं सोडलंस. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेला नाहीस. त्याची मेंढरं ओढ्यावर असली की तुझी मागे थांबायची. शाळा झाली, गायरानात झाली, पायरीशिवाय झाली, त्या नऊ पोरांतली सात आत येऊन बसली, आणि तुझी मेंढरं वळसा घालून पाण्याला जाऊ लागली. मी खिडकीतून तुला त्या वळशावरून जाताना बघायचो. तू मला हात करायचास. शाळेचा राग तू माझ्यावर कधीच काढला नाहीस.

एकदा लिंबाजी माझ्याकडे आला होता. तुला हे माहीत नाही. शाळा सुटली होती, मी वह्या तपासत होतो. तो दारातच बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही. त्यानं विचारलं की मतांचे ते कागद कुठे असतात. सील करून तालुक्याला जातात, म्हणालो. ते उघडून त्याचा कागद काढून ग्यानबाला दाखवता येईल का? नाही, मी म्हणालो, कागदावर कुणाचं नाव नसतं, आणि उघडायचा कायदा नाही. मग मी त्याला, देवा, मी त्याला समजावून सांगितलं की गुप्त मतदान का चांगलं असतं. सालगड्याचं उदाहरण दिलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "म्हंजे खरं बोलणाऱ्याला बी दाखवायची सोय न्हाई म्हणा की."

मी वह्या पुढे ओढल्या. तो गेला.

आता मी तुला कारणं सांगू शकतो. तू संतापला असतास, वाडी संतापली असती, गायरानातली शाळा अजून कागदावर होती आणि मोडली असती. पहिले सहा महिने हे कारण खरं होतं. पुढे शाळा बांधून झाली, छप्पर पडलं, आणि कारण संपलं तरी गप्प बसणं संपलं नाही. उशीर होत गेला तसा उशिराचीच लाज वाटायला लागली. शिवाय खरं सांगू का, मला तुझी गरज होती. या गावात माझ्याशी इंग्लंड-स्वित्झर्लंडवर भांडणारा दुसरा कोण होता? संध्याकाळी तू आला नाहीस की मला जेवण जात नसे.

या हिवाळ्यात तू मेंढरं येलदरीच्या अंगाला नेलीस. तिथे धरणाचं काम चाललं आहे, नदीकाठ कसा दिसतो ते सांगायला तू उत्सुक असणार असं मी धरून होतो. बैलगाडीत घालून तुला आणलं तेव्हा तुझी छाती वाजत होती. तीन दिवस मी तुझ्याजवळ बसलो. दुसऱ्या दिवशी तुला जरा बरं वाटलं, तू पाणी मागितलंस आणि मग लिंबाजीच्या खांद्याचं बोललास, चुलत्याला हाक मारून पुन्हा बोललास. मी तुझा हात धरून होतो. ओठांवर आलं होतं. आणि तू माझ्याकडे वळून म्हणालास, "तुमाला भंडार उचलायला लावला न्हाई, ते लय बरं केलं. तुमच्यावर पाप नको."

मी तेव्हाही गप्प राहिलो, ग्यानबा. तुला आता काय त्रास द्यायचा, असं मनाशी म्हणालो. मरणाऱ्याला जपतो आहे असं स्वतःला सांगणं फार सोपं असतं.

आणखी सहा दिवसांनी तेरावा आहे. लिंबाजीला बोलावणं नाही. जेवायला बसताना मला तुझ्या घरच्या रांगेत बसवतील, हे नक्की.

इथवर लिहून कागद तसेच ठेवले होते. पुढचं तेराव्यानंतर लिहितो आहे.

तेराव्याला सकाळीच लिंबाजीकडे गेलो. तो मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, वाघरीशी, एका मेंढीचा खूर साफ करत बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, कारणं न सांगता. तो खूर साफ करत राहिला. मेंढी सोडून दिली, चाकू पुसला, आणि माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाला की हे मला सांगून काय उपयोग, वाडीत चार माणसांत सांगा. मी येतो मागून.

जेवायला बसायच्या आधी मी उभा राहिलो. वर्गात रोज चाळीस पोरांसमोर बोलणारा माणूस, पण पहिलं वाक्य मला तीनदा सुरू करावं लागलं. लिंबाजी कुंपणाच्या बाहेरच उभा होता. सांगून झालं तेव्हा मला वाटत होतं की आता कुणी तरी अंगावर येईल. शाळेवरून, गायरानावरून, मत फिरवल्यावरून. तुझा म्हातारा चुलता म्हणाला, मत तुमचं होतं, कुणालाबी द्या. दुसरा कुणीतरी मान हलवून हो म्हणाला. मताचा राग कुणाला आलाच नाही, ग्यानबा! दोन वर्षं मी ज्याला भीत होतो ते तिथे नव्हतंच. तुझ्या वाडीला गुप्त मतदान माझ्यापेक्षा चांगलं कळलेलं होतं.

मग चंद्रभागाबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुंपणापाशी जाऊन लिंबाजीला म्हणाल्या, आत या भाऊजी. तो आत आला, आणि त्यांनी विचारलं, "आता खांदा कुठून आणायचा?" लिंबाजी खाली बसला आणि पटक्यात तोंड घालून रडला. दोन वर्षांत तो पहिल्यांदा रडला असावा, कारण जवळ कुणी जावं हे कुणालाच कळेना. तुझा थोरला त्याच्याशेजारी जाऊन बसला.

मी निघालो तेव्हा लिंबाजी वाटेपर्यंत आला. मला वाटलं, काहीतरी बरं बोलेल. तो म्हणाला, "तुमी त्याला तवाच सांगितलं असतं तर दोन दिस रुसला असता तुमच्यावर. तिसऱ्या दिशी आला असता भांडायला. तुमाला ठाव न्हाई का त्याचं?"

मला ठाऊक होतं. माझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुझ्या दोन दिवसांच्या अबोल्याला भिऊन मी तुम्हा भावांची दोन वर्षं घालवली, आणि तुझी शेवटची होती ती.

मत मी माणिकरावाला दिलं होतं. उद्या पुन्हा पेट्या मांडल्या, पुन्हा तू आणि तो उभे राहिलात, पुन्हा ती पोरं पायरीखाली असली, तर मी पुन्हा तिथेच देईन. हे तुझ्यापाशी कबूल केल्याशिवाय मला माफी मागता येत नाही, कारण मी मागतो आहे ती मताची माफी नाही. आदल्या दिवशी तुझ्या घरी चहा पिऊन उठलो, त्याची आहे.

लिंबाजी माझ्याशी बोलत नाही. त्याचा राग तुझ्यासारखा दोन दिवसांचा नाही, आज पाचवा दिवस आहे, आणि किती दिवसांचा ते त्यानं ठरवायचं आहे. शाळा सुटली की मी त्याच्या वाघरीवरून जातो, काय लिंबाजी म्हणतो. तो मान वर करत नाही. मी थोडा वेळ उभा राहतो आणि घरी येतो. उद्याही जाणार आहे.